सिद्धेश राऊळचा मेमो

मी जॉब कोच आहे. असं सांगितलं की लोक विचारतात, कुठला खेळ. मग मी समजावते: ज्या तरुण मुलामुलींना काही अपंगत्व आहे, त्यांना आमची संस्था पगारी काम मिळवून देते आणि ते काम टिकावं म्हणून मी मागे लागते. यावर लोक म्हणतात, किती पुण्याचं काम. इथे माझं डोकं फिरतं. मला पुण्य मिळवायचं असतं तर घरी बसून जप केला असता, भांडुप ते पवई बसच्या रांगेत उभी राहिले नसते.

काम मिळवून देणं सोपं आहे. मोठ्या कंपन्यांत हल्ली या विषयाची सभा होते, कोणाचे तरी डोळे पाणावतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन येतो, एक मुलगा पाठवा. टिकवणं कठीण आहे, कारण पाणावलेल्या डोळ्यांनी माणूस कामाला ठेवता येत नाही. हे मी सभेत बोलले होते. त्यानंतर मला सभेला बोलावणं बंद झालं.

सिद्धेश राऊळ चोवीस वर्षांचा. त्याला डाउन सिंड्रोम आहे. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, केसांना तेल चोपडून एका बाजूला भांग पाडणारा. बोलणं जरा जड, पण दुसऱ्यांदा ऐकलं की कळतं. हट्टी आहे. लबाड आहे. वाटी फुटली की ती नेहमी दुसऱ्याच कोणीतरी फोडलेली असते, आणि काम नको असलं की त्याचं पोट दुखतं. हे मुद्दाम सांगते, कारण अशी मुलं निरागस असतात असं म्हणायची पद्धत आहे, आणि निरागस माणसाला कोणी कामगार मानत नाही. त्याला फोटोत घेतात.

पवईच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी त्याला लावला. जेवून झालं की लोक ट्रे एका खिडकीत ठेवतात. सिद्धेशने खरकटं डब्यात झटकायचं, चमचे एका टबात, वाट्या दुसऱ्या टबात टाकायच्या आणि ट्रे रचून धुवायला सरकवायचे. सुरुवातीला मीही डोक्याला जाळीची टोपी घालून त्याच्या शेजारी उभी राहिले. आधी मी करायचे आणि तो बघायचा. मग दोघे करायचो. मग तो करायचा आणि मी बघायचे. मग मी एक टेबल मागे गेले, मग दारापर्यंत, मग खालच्या मजल्यावर. आमच्या धंद्यात सगळी विद्या या मागे सरकण्यात आहे. मी बाहेर पडले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर ते काम जमलं असं समजायचं.

सिद्धेशला काम जमलं होतं. थोडा सावकाश होता, पण खिडकी सोडायचा नाही. कोणी वाटीत टिशू कोंबून गेला की त्याला हाक मारायचा, "ओ, टिशू काढा." मॅनेजर असला तरी परत बोलवायचा. लोक हसत परत यायचे आणि काढायचे.

अडचण एकच होती. कॅन्टीनचा सुपरवायझर नंदकुमार हा तोंडाचा फटकळ माणूस. सकाळी आल्याबरोबर कोणा ना कोणाची आरती ओवाळल्याशिवाय त्याचा चहा खाली उतरत नसे. पण सिद्धेशला बोलायची त्याला बंदी होती. मनुष्यबळ खात्यातल्या निधीने सगळ्यांना एक प्रशिक्षण दिलं होतं, त्यात सिद्धेशसमोर आवाज चढवायचा नाही असं ठरलं होतं. सिद्धेशने वाट्यांचा ढीग पाडला तरी नंदकुमार दात आवळून "असू दे, असू दे" म्हणायचा आणि कोथिंबीर निवडणाऱ्यावर जाऊन राग काढायचा.

"त्याला सिद्धेशला बोलू दे गं," मी निधीला म्हटलं.

"मॅम, असं कसं? पॉलिसी आहे आमची," ती म्हणाली. निधी चांगली मुलगी आहे. तिच्या चांगुलपणाचा मला फार त्रास झाला.

मग गणपती आले. गणपतीत मी फेरी मारत नाही, कारण आमची निम्मी मुलं कोकणातली आणि रजा टाकून गावी गेलेली असतात. गौरी-गणपती गेल्यावर पवईला गेले, तर खिडकीत दुसराच माणूस उभा. एजन्सीचा होता. वाट्या आणि चमचे एकाच टबात टाकत होता.

निधीने मला कॉफी मागवली. "सिद्धेश कसा आहे? घरी मजेत ना?"

"घरी? आज तर वार आहे कामाचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही? तो गणपतीपासून आलाच नाही. रजा नाही, फोन नाही. आम्ही डिस्कस केलं, की त्याच्यावर प्रेशर नको टाकायला. सो आम्ही त्याला रिलीव्ह केलं. पण मॅम, दिवाळीच्या फंक्शनला त्याला नक्की बोलवणार. सगळे मिस करतात त्याला."

मी कॉफी बाजूला ठेवली. "दुसरं कोणी न सांगता गेलं होतं का गणपतीला?"

"तो पिंटू गेला होता ना, मानखुर्दचा. भाजी कापतो तो."

"त्याला काढला?"

"नाही, त्याला मेमो दिला. पगार कापला. आला तो परत, कापतोय भाजी."

"मग सिद्धेशला मेमो का नाही दिला?"

"मॅम, सिद्धेशला मेमो? किती वाईट वाटेल त्याला."

मला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं गरम होण्याइतका आला. ज्या माणसाने उद्या कामावर यावं असं वाटतं त्याला मेमो देतात. ज्याचं येणं न येणं सारखंच, त्याला दिवाळीच्या फंक्शनला बोलावतात. हे मी निधीला सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. मला तिच्या पॉलिसीची बंदी नव्हती.

तिथून मी थेट भांडुपला, तुळशेतपाड्याच्या चढावर राऊळांच्या घरी गेले. सिद्धेशचे वडील रामचंद्र पालिकेच्या पंपहाउसमधून निवृत्त झालेले. आजोबा गिरणीसाठी खारेपाटणकडून आले, ते इथेच राहिले, पण घराचा गणपती अजून गावीच बसतो. रामचंद्रांनी मला खुर्ची दिली आणि सिद्धेशच्या आई, मथुराबाई, चहा टाकायला उठल्या. सिद्धेश पलंगावर पाठ फिरवून बसला होता. माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

"नोकरी गेली त्याची," मी म्हटलं.

"काय सांगता?" रामचंद्रांना खरंच धक्का बसला. "आम्हाला वाटलं, अजून सुट्टी चालू आहे. कंपनीतल्या मॅडमचा फोन आला होता, बोलली आराम करू दे त्याला. चांगले लोक आहेत बाई ते."

"गावी न्यायच्या आधी रजा सांगितली होती का?"

"कोणाची?"

"सिद्धेशची. कल्पिताने स्वतःची टाकली होती ना रजा?" कल्पिता त्यांची मोठी मुलगी, बँकेत आहे.

"तिने टाकली ना. मे महिन्यातच. बँक आहे ती, ऐकतात काय ते?" रामचंद्र म्हणाले. "आता याची काय रजा काढायची बाई? गणपतीला याला एकटा सोडून जाणार काय आम्ही?"

मी काही बोलायच्या आत पलंगावरून आवाज आला. "मी बोललो. बाबांना बोललो. नंदू सरला फोन कर, रजा सांग. बाबा बोलले, तू काय मोठो सायब लागून गेलंस?"

मथुराबाईंनी गॅस बारीक केला. रामचंद्रांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. ते वाईट बाप नाहीत. मुलाला चालायला शिकवायला त्यांनी नाइट ड्युट्या मागून घेतल्या होत्या, हे मला कल्पिताने सांगितलं आहे. त्यांना फक्त मुलगा रोज कुठेतरी जातो, त्याचा वेळ चांगला जातो आणि महिन्याला बँकेत काहीतरी जमा होतं, एवढंच ठाऊक होतं. त्याला त्यांनी कधी नोकरी म्हटलंच नव्हतं.

"टीचर," सिद्धेश तोंड न वळवता म्हणाला, "खिडकीत कोण आहे?"

"दुसरा माणूस आहे."

"टिशू काढतो?"

"नाही."

तो रडायला लागला. मी त्याची टीचर नाही हे त्याला अनेकदा सांगितलं आहे, पण त्या दिवशी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी परत पवईला गेले आणि आधी नंदकुमारला गाठलं. तो एजन्सीच्या माणसावर ओरडत होता. नाली तुंबली होती आणि नालीत टिशू होते.

"नंदकुमार, सिद्धेशला परत घेणार का?"

त्याने हात पुसले. "घेतो. पण माझी एक अट आहे. मला त्याला बोलू द्यायचं. ताई, एवढे महिने मी गप्प बसलो आहे. माझं बीपी वाढलं आहे. डॉक्टरला विचारा."

"बोल की. मी तेच सांगत्येय."

"निधी मॅडमला सांगा मग. लेखी घ्या तिच्याकडून."

निधीला तयार करायला सकाळ गेली. शेवटी तिने मेमोचा मसुदा केला. त्याची सुरुवात 'प्रिय सिद्धेश, तुझी आम्हा सगळ्यांना खूप आठवण आली' अशी होती आणि शेवटी एक हसरा चेहरा होता. मी विचारलं, पिंटूच्या मेमोवर हसरा चेहरा होता का. तिने तो खोडला. आठवणही खोडली. मग आम्ही दोघींनी बसून सिद्धेशला वाचता येईल अशा सोप्या मराठीत तो परत लिहिला. निधी म्हणाली की तिला हे लिहिताना कसंतरीच होतंय. मी म्हटलं, होऊ दे.

मी बोलावल्यावर रामचंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन आले. सिद्धेशने इस्त्रीचा सदरा घातला होता. कॅन्टीनमागच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो: मी, निधी, रामचंद्र. सिद्धेश उभा होता. नंदकुमार आला, दार लावलं, आणि एकदा निधीकडे बघून घेतलं. तिने मान हलवली.

"कुठे होतास रे?" नंदकुमारने सुरुवात केली. "गावाला? मजा केलीस? आणि इथे काय लोक उपाशी बसले होते काय? गणपतीतपण जेवतात लोक. ट्रे येतातच. मी स्वतः खिडकीत उभा राहून खरकटं काढलं. माझा गणपती नाही काय? कणकवलीत बसतो. गेलो का मी? वाट लागली इथे माझी, आणि हा तिकडे मोदक खातोय."

सिद्धेश ऐकत होता. हा माणूस आपल्याशी बोलतोय, हे त्याला नवीन होतं.

नंदकुमारला आता लय सापडली. त्याने इतक्या महिन्यांचं साठवलेलं सगळं बाहेर काढलं. "आणि मोठ्या वाटीत छोटी वाटी कोण घालतो रे? त्या अडकतात. पाण्यात भिजवून काढाव्या लागतात. आणि जेवायच्या सुट्टीत मोबाइलवर भजनं लावतोस ती हळू लाव. आणि त्या दिवशी पिंटूच्या डब्यातली सुरमई कोणी खाल्ली?"

"पिंटूने," सिद्धेश म्हणाला.

"पिंटूच्या डब्यातली पिंटूने खाल्ली, मग तो माझ्याकडे रडत कशाला आला?"

निधीने टिशू काढून डोळे टिपले. रामचंद्र खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, जरा हळू. त्याला कळत नाही तेवढं. खरं सांगायचं तर..."

"काका, तुम्ही इथे कामाला आहात?"

"नाही."

"मग थांबा जरा." नंदकुमार सिद्धेशकडे वळला. आवाज थोडा उतरला होता, पण मऊ झाला नव्हता. "आता नीट सांग. न सांगता का गेलास? कोणी सांगितलं होतं तुला असं जायला?"

उत्तर खोलीतल्या तिघांना तरी माहीत होतं. ते खरंही होतं आणि सोपंही होतं. खिशातल्या रुमालासारखं काढून द्यायचं होतं फक्त. ज्याने साध्या वाटीचं खापर आयुष्यात कधी स्वतःवर घेतलं नव्हतं, तो वडिलांचं नाव घेणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि घेतलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. सिद्धेशने वडिलांकडे पाहिलं. रामचंद्रांनी मान खाली घातली.

"कोणी नाही," सिद्धेश म्हणाला. "मी गेलो. माझी चूक."

"तुला कोणी..."

"कोणी नाही. मी मोठा आहे. मी गेलो."

नंदकुमारने एकदा रामचंद्रांकडे बघून घेतलं. त्यालाही कळलं होतं; तो कणकवलीचा आहे, गणपतीला घरचे कसे न विचारता उचलून नेतात हे त्याला ठाऊक होतं. "परत जाशील?"

"सांगून जाईन."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सिद्धेशने यावर विचार केला. "मग नाय जाणार," तो म्हणाला, पण नाराजीने म्हणाला.

निधीने मेमो पुढे केला. मी म्हटलं, त्याला वाचू दे. सिद्धेशने बोट ठेवून एक एक शब्द मोठ्याने वाचला. "तू न सांगता कामावर आला नाहीस. त्यामुळे सगळ्यांना त्रास झाला. त्या दिवसांचा पगार मिळणार नाही. परत असं केलंस तर नोकरी जाईल." वाचून झाल्यावर त्याने पेन मागितलं आणि सावकाश, रेघेच्या बाहेर जात, पूर्ण नाव लिहिलं: सिद्धेश रामचंद्र राऊळ. मधलं नाव लिहायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते होईपर्यंत रामचंद्र भिंतीवरच्या गॅसच्या सूचना वाचत होते.

नंदकुमारने घड्याळ बघितलं. "चल, टोपी घाल. ट्रे यायला लागतील."

त्यानंतर नंदकुमार सिद्धेशला रोज बोलू लागला आणि त्याचं बीपी खाली आलं, असं तो सांगतो. मी परत मागे सरकले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला संस्थेच्या अहवालात घालता आली असती. पण मग शिमगा आला.

शिमग्याला राऊळांच्या गावात पालखी घरोघरी येते. पालखी नाचवताना सिद्धेशला खांदा देऊ देतात. वर्षात त्याला याहून मोठं दुसरं काही नाही. या वेळी त्याने स्वतः नंदकुमारकडे जाऊन रजा मागितली, होळीच्या बऱ्याच आधी. नंदकुमारने नाही म्हटलं. पिंटूने त्याच्याही आधी मागितली होती आणि दोघांना एकदम सोडणं शक्य नव्हतं.

सिद्धेशचा मला फोन आला. तो इतका रडत होता की मला दुसऱ्यांदा ऐकूनही कळेना. मी निधी मॅडमला सांगून रजा मिळवून द्यावी, असं त्याचं म्हणणं आहे हे तिसऱ्यांदा कळलं. मी म्हटलं, नाही मिळत कधीकधी. सगळ्यांचं असंच असतं. त्याने फोन आपटला. नंतर निधीचा आला. "मॅम, मला बघवत नाहीये. मी नंदकुमारला ओव्हररूल करू का?" मी नको म्हटलं. फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं. पुण्याचं काम म्हणणारा त्या क्षणी कोणी भेटला असता तर मी त्याला खिडकीतून खाली टाकला असता.

सिद्धेशने माझ्याशी बोलणं टाकलं. मी कॅन्टीनला गेले तर माझा ट्रे घेताना त्याने वर बघितलं नाही. फक्त "टिशू" म्हणाला.

शिमग्याच्या दिवसांत एका संध्याकाळी भांडुपच्या मच्छी बाजारात गेले, तर शेवंती कोळणीच्या पाटीसमोर रामचंद्र राऊळ बांगडे निवडत होते. मी मागे उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"राऊळ, तुमी शिमग्याला इथं कसं?" शेवंती विचारत होती.

"मंडळी आणि चेडू कल्पिता गेली गावाक. मी ऱ्हवलंय."

"पालखी घरी येल, आणि घरात पुरुष नाय?"

"नाय," रामचंद्र म्हणाले. "जल्माक आल्यापासून पयल्यांदा चुकली. काय करतलंय? झिलाक रजा गावली नाय."

त्यांनी हे मोठ्याने सांगितलं. शेजारच्या पाटीवर कोलंबी घेणारा माणूस वळून बघू लागला, तर त्यालाही सांगितलं की सुपरवायझर फार कडक आहे, एकदम नालायक माणूस, कणकवलीचा असून शिमग्याला सोडत नाही, आणि आजकालच्या नोकऱ्या म्हणजे अशाच. त्या माणसाने मान डोलावली आणि त्याच्या भावाच्या कंपनीतही असंच असल्याचं सांगितलं. दोघांनी मिळून थोडा वेळ कंपन्यांना शिव्या दिल्या.

"मग पोराला शेजारी ठेवायचा होता दोन दिस," शेवंती म्हणाली.

"आणि सकाळी डबो कोण देतलो तेका?" रामचंद्रांनी बांगडे तिच्यापुढे सरकवले. "चल, बेगीन साफ कर गो. झील कामावरसून येतलो आता."